तिथी आणि तारीख

आमच्या चुलत आजोबांचे श्राद्ध दरवर्षी माघ वद्य पंचमीस होते. त्यात कधी खंड पडला नाही. तरीही २०१९ साली सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याचा प्रश्न आला, तेव्हा ते वारल्याचा एकही कागद आमच्यापाशी नव्हता. गावच्या दप्तरातून मिळाला तो नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. तो जोडून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला. घराने इतकी वर्षे पाळलेला मृत्यू न्यायालयात सिद्ध करण्याची वेळ का येते, हे समजण्यासाठी नोंदीच्या इतिहासाकडे वळावे लागते.

ब्रिटिश अमदानीत गावोगाव मृत्यू मोजले गेले, ते मुख्यतः आरोग्यखात्याच्या गरजेपोटी. पटकीने, देवीने, तापाने किती माणसे दगावली हे सरकारला हवे होते. कोण दगावले, हा प्रश्न दुय्यम होता. १८८६ च्या कायद्याने व्यक्तिगत नोंदणीची सोय केली, पण ती ऐच्छिक ठेवली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. घरांच्या झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांच्या धास्तीने लोक रुग्णच नव्हे, तर मृत्यूही लपवू लागले. सरकारी वहीविषयीचा दुरावा अशा अनुभवांतूनही मुरला असावा.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने नोंद सक्तीची केली. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. नोंदीची मुदत आज २१ दिवसांची आहे. त्यापुढे विलंबशुल्क, मग वरिष्ठांची लेखी परवानगी; आणि वर्ष उलटले की कलम १३ अन्वये मृत्यूची सत्यता पडताळून दिलेला दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

आमची खरी अडचण अर्जातील एका रकान्यापाशी आली. तेथे तारीख हवी होती. तिथी दरवर्षी परतून येते. वर्ष तिच्यात नसते. ‘मोठ्या दुष्काळानंतरचा दुसरा माघ’ एवढेच वडीलधाऱ्यांना आठवत होते. दुष्काळ १९७२ चा. म्हणजे मृत्यू फेब्रुवारी १९७४ मधला. जुन्या पंचांगातून दिवस काढला. प्रतिज्ञापत्र झाले, वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली. तिरडीला खांदा दिलेल्या शेजाऱ्यांनी साक्ष दिली. आदेश मिळाला.

तो हाती आला तेव्हा आजी हयात नव्हती. तिने कुंकू पुसले त्या दिवशी साऱ्या गावाने तिचे वैधव्य मान्य केले होते. पण जमिनीच्या कागदावर तिचे नाव अखेरपर्यंत लागले नाही. गावाच्या स्मृतीने तिच्यावर विधवेची बंधने घातली. विधवेचा हक्क मात्र वहीतील नोंदीवाचून अडला. मौखिक परंपरेचा गौरव करताना आपण अभ्यासकांनी ही बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. स्मृती मृताला जपते. जे मागे उरतात, त्यांना कागद लागतो.

२०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला आहे. दार बदलले, पुरावा द्यावाच लागतो.

दाखल्यावर आता तारीख आहे. श्राद्ध आम्ही अद्याप पंचमीसच करतो.