आठ पौंडांची मुलगी

आफ्रिकेतली गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जहाज येतं. साखळदंडात बांधलेली माणसं, समुद्रापलीकडे अमेरिका, मालक गोरा. ते खरंच आहे. पण आफ्रिकी लेखिकांना वाचायला लागले तेव्हा ते जहाज मागे राहिलं आणि घर पुढे आलं. विकणारा सख्खा भाऊ, विकत घेणारी नात्यातलीच बाई.

नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांची ‘द स्लेव्ह गर्ल’ ही कादंबरी १९७७ची. ओजेबेटा ही इबुझा गावातली इग्बो मुलगी. आधीच्या मुली जगल्या नाहीत, म्हणून बापाने दूरवरून घंट्या नि कवड्या आणून हिच्या अंगावर बांधल्या. पण १९१८च्या इन्फ्लुएंझात, ज्या साथीने आपल्याकडेही घरंच्या घरं रिकामी केली, तिचे आईबाप दोघेही गेले. भाऊ ओकोलीला गावच्या नाचात मिरवायचं होतं, थाटमाटाला पैसे हवेत. तो सहा-सात वर्षांच्या बहिणीला ओनित्शाच्या बाजारात नेतो आणि मा पालागाडा नावाच्या कापडवालीला आठ पौंडांना विकतो. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला १८०७ साली. नायजेरियावर राज्यही त्यांचंच. तरी हे चाललंच होतं.

मा पालागाडा काही राक्षसीण नाही, हीच तर अडचण! ती पोटाला घालते, शिवण शिकवते, चर्चला पाठवते. पण मुलगी तिची मालमत्ताच. आपल्या परिग्रह-परिमाण व्रतात शेत, घर, सोनं, धान्य यांच्याच ओळीत दासी-दासही येतात. मर्यादा घालायला का होईना, माणूस वस्तूंत मोजला गेला होता. पाठ म्हणताना त्या शब्दावरनं आपण भरभर पुढे जातो, नाही का?

घानाच्या आमा आटा आयडूंच्या ‘अनोवा’ (१९७०) नाटकातली बायको मात्र तिथेच अडते. गुलाम घेऊ नकोस म्हणून नवऱ्याशी भांडते. तो ऐकत नाही, श्रीमंत होतो, आणि घर मोडतं.

ओजेबेटा एवढं बोलत नाही. मालकीण वारल्यावर गावी परतते, जेकबशी लग्न करते. पुढे जेकब मालकिणीच्या मुलाला आठ पौंड परत करतो, तेव्हा कुठे ती सुटते. आणि आता आपल्याला नवा मालक मिळाला, याचाच तिला आनंद होतो. ते पान मी दोनदा वाचलं. ओजेबेटा हे एमेचेटांच्या आईचं खरं नाव, आणि तिलाही तिच्या भावाने विकलं होतं.