पाणी, अग्नी आणि वाहनाचा परवाना

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दहावा अध्याय अपस्माराचा आहे. स्मृतीचा, म्हणजे भानाचा, काही काळ लोप होणे, डोळ्यांपुढे अंधार दाटून रोगी कोसळणे आणि वेग ओसरल्यावर झोपेतून उठावे तसे त्याने शुद्धीवर येणे, अशी या व्याधीची ओळख तेथे दिलेली आहे. वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोष एकत्र बिघडल्याने होणारा सान्निपातिक असे तिचे चार प्रकार सांगून संहिता औषधी तुपे, तेले, नस्य आणि धूप यांचे पाठ देते, आणि अध्यायाच्या अखेरीस औषधाशी काहीही संबंध नसलेली एक सूचना करते. पाणी, अग्नी, झाडे, डोंगर आणि उंचसखल जागा यांपासून अपस्माराच्या व उन्मादाच्या रोग्याला सदैव जपावे, कारण या गोष्टी तत्काळ प्राण घेणाऱ्या आहेत, असा तिचा आशय आहे.

ही सूचना सहज वाचून पुढे जाण्याजोगी नाही. मराठीत ज्याला आकडी, फेफरे, घुरे किंवा अलीकडे फिट म्हणतात तो झटका बहुतेक वेळा एकदोन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि रोग्याचे काय होणार हे पुष्कळदा तो झटका आला तेव्हा रोगी कोठे होता यावरच ठरते. माजघरात आलेली आकडी आणि नदीत पोहताना आलेली आकडी यांत मेंदूच्या दृष्टीने कदाचित काहीच फरक नसेल, परंतु माणसाच्या दृष्टीने तो जीवन आणि मृत्यू यांतला फरक असतो. न्हाणीघराची कडी आतून लावू नये, एकट्याने पोहू नये, शिडीवर किंवा कठडा नसलेल्या गच्चीवर काम करू नये, फलाटाच्या कडेपासून दूर उभे राहावे, लोकलच्या उघड्या दारात थांबू नये, असा जो सल्ला आज दिला जातो, तो चरकाच्या यादीचाच विस्तार आहे. त्या यादीत धोक्याच्या जागा मोजलेल्या आहेत. माणसाने घराबाहेर पडू नये असे तीत कोठेही म्हटलेले नाही. पुढच्या काळात हाच विवेक वारंवार सुटत गेला.

ग्रीक परंपरेत हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेला, या रोगावरचा एक प्रबंध इसवी सनापूर्वी सुमारे ४०० या काळातला मानला जातो. हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, हे त्याचे प्रतिपादन सर्वत्र सांगितले जाते. त्यातील एक बारीक निरीक्षण मात्र तितके सांगितले जात नाही. ज्यांना झटक्यांची सवय झालेली असते त्यांना पुढचा झटका येण्याआधी त्याची चाहूल लागते, आणि मग ते माणसांपासून दूर, घर जवळ असेल तर घरी आणि नसेल तर निर्जन जागी, धाव घेतात व डोके झाकून घेतात. हे ते देवाच्या भयाने करत नाहीत, लाजेने करतात, असे प्रबंधकार स्पष्ट लिहितो. लहान मुले आधी जागच्या जागी कोसळतात आणि काही झटक्यांनंतर चाहूल लागताच आईकडे धावू लागतात, हेही तो नोंदवतो. ही चाहूल, जिला वैद्यक आज झटक्याचाच आरंभ मानते, कोणाला अंगावरून थंड झुळूक गेल्यासारखी तर कोणाला पोटातून काही वर चढल्यासारखी जाणवते, आणि सुरक्षित जागी बसण्यापुरती सवड तिच्यामुळे काहींना मिळते. लाजेपोटी तीच सवड निर्जन जागा गाठण्यात खर्च झाली, तर ज्या क्षणी मदतीची गरज असते नेमक्या त्याच क्षणी रोगी एकटा पडतो.

महाराष्ट्रातील घरांत ही लाज फार काळ नांदली. चरकाच्या यादीतील पाणी आणि अग्नी येथे विहीर आणि चूल या रूपांत रोजच्या कामाचा भाग होते, त्यामुळे घरच्या सुनेला किंवा मुलीला जपायचे म्हणजे तिला या दोन्ही कामांवरून उठवायचे, आणि कामावरून उठवले की शेजारीपाजारी कारण विचारणार, असा पेच उभा राहत असे. बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे जाणे, झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत लोखंडी किल्ली देणे हे उपाय पिढ्यान् पिढ्या टिकले, कारण किल्ली हाती दिल्यानंतर मिनिटभरात आकडी थांबायची आणि ती एरवीही थांबली असती हे पडताळण्याचा मार्ग कोणापाशी नव्हता. कांद्याने फारसे नुकसान केले नाही. ज्या लपवाछपवीने सोबतच्या माणसांना अंधारात ठेवले, तिने मात्र पुष्कळ केले.

एकोणिसाव्या शतकात युरोपात कारखाने वाढले, यंत्रांच्या पट्ट्यांजवळ आणि भट्ट्यांपुढे काम करणाऱ्याला आकडी येणे मालकांना परवडेनासे झाले आणि अपस्मारग्रस्त माणसाला रोजगार मिळणे कठीण झाले. यावर वसाहतीचा उपाय पुढे आला. वसाहत म्हणजे शहराबाहेर शेती, बागकाम आणि लहान कार्यशाळा यांभोवती उभारलेली अशी वस्ती, जिथे काम बेताचे आणि शक्यतो जमिनीलगतचे असेल व आजूबाजूच्या प्रत्येकाला आकडी म्हणजे काय हे ठाऊक असेल. जर्मनीत बीलेफेल्डजवळ १८६७मध्ये सुरू झालेली आणि १८७२पासून फ्रीड्रिश फॉन बोडेलश्विंग या धर्मोपदेशकाच्या हाती वाढलेली बेथेल ही संस्था या कल्पनेचा आदर्श ठरली. इंग्लंडमध्ये अपस्मारग्रस्तांना काम मिळवून देण्यासाठी १८९२मध्ये एक राष्ट्रीय संस्था निघाली, ह्यूलिंग्ज जॅक्सन, विल्यम गॉवर्स आणि डेव्हिड फेरियर यांच्यासारखे मेंदूविकारांचे अग्रणी तिच्याशी जोडले गेले, आणि १८९४मध्ये बकिंगहॅमशर परगण्यात चाल्फंट येथे तिची वसाहत उघडली. या वसाहतींनी अनेकांना वेड्यांच्या इस्पितळातून व अनाथगृहातून सोडवले हे मान्य करावेच लागते. तथापि तेथील सुरक्षितता कुंपणाच्या आतच संपत असे, आणि जगाला त्या माणसांसोबत वावरायला शिकवण्याचे काम तसेच राहिले.

कुंपणाबाहेर तर रोगाचे नावच निकालपत्र बनत गेले. अमेरिकेने १९०३च्या कायद्याने अपस्मारग्रस्तांना देशात स्थलांतर करण्यास बंदी केली, ती १९६५पर्यंत टिकली. जर्मनीत १४ जुलै १९३३ रोजी संमत झालेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात आनुवंशिक अपस्माराचा समावेश होता.

याच काळात उपचार मात्र पुढे सरकत होते. चार्ल्स लोकॉक या इंग्लिश वैद्याने १८५७मध्ये पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला, आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२मध्ये फेनोबार्बिटल आणि मेरिट व पटनम यांनी १९३८मध्ये फेनिटॉइन पुढे आणले, आणि औषधे नियमित घेणारे असंख्य रोगी वर्षानुवर्षे आकडीविना राहू लागले. योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रोगी आकडीमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धोक्याची जागा टाळणे एवढाच जो मार्ग पूर्वी होता, त्याला आता धोक्याचा काळ मोजण्याची जोड मिळाली.

या मोजमापाची खरी कसोटी मोटारीने घेतली, कारण चालकाला आलेली आकडी एकट्या चालकापुरती राहत नाही. ब्रिटनमध्ये अपस्मार ही परवान्याची कायमची आडकाठी होती. १९७०मध्ये नियम बदलून जागेपणी तीन वर्षे झटका न आलेल्यास परवाना मिळू लागला, १९८२मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणि १९९४मध्ये एका वर्षावर आली, तर अवजड वाहनांसाठी औषधांविना दहा वर्षांची कठोर अट ठेवण्यात आली. युरोपीय संघाने २००९च्या निर्देशात खाजगी वाहनांसाठी साधारणपणे एका वर्षाचीच मुदत स्वीकारली. या बदलाचे मोल परवान्यांच्या संख्येपुरते मर्यादित मानता येणार नाही. मुदत निश्चित असली की खरे सांगणाऱ्याला परतीची वाट उरते आणि शेवटचा झटका कधी आला हे डॉक्टरांपाशी मोकळेपणाने बोलण्यास कारण मिळते; जन्मभराची बंदी मात्र प्रामाणिक माणसाचा परवाना काढून घेते आणि लपवणाऱ्याला रस्त्यावर ठेवते.

भारतात १९३९च्या मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, परवान्यास सर्वथा अपात्र ठरवणाऱ्या व्याधींमध्ये, अपस्माराचे नाव होते. लपवण्याला खतपाणी घालणारा दुसरा कायदा विवाहाचा होता: १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वेडाबरोबरच अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांनाही विवाहाच्या आड आणले, आणि इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर १९९९मध्ये तो शब्द वगळला गेला. ज्या मुलीचे लग्न मोडण्याचे भय तेवीस वर्षे कायद्याने बाळगायला लावले, तिच्या आजाराची कल्पना कॉलेजातील मैत्रिणीला, वसतिगृहातील सोबतिणीला किंवा रोजच्या बसमधल्या सहप्रवाशाला कोणी दिली असेल, असे मानणे कठीण आहे. विवाहाच्या बाबतीत कायदा असा सुधारला, वाहनाच्या बाबतीत तो अर्ध्या वाटेवर राहिला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने जुना कायदा मागे टाकला, तरी १९८९च्या केंद्रीय नियमांतील नमुना १मध्ये, अपस्मार किंवा एकाएकी शुद्ध हरपण्याचा विकार आहे काय, हा प्रश्न अर्जदाराला विचारला जातो. होय म्हणणाऱ्याने तपशील द्यावा असेही त्यात म्हटले आहे, परंतु किती वर्षे आकडीविना गेल्यावर तो तपशील पुरेसा मानावा हे ना कायद्यात सांगितले गेले, ना नियमांत.