कोविड पॉझिटिव्ह असूनही ब्लड कल्चर कशासाठी? रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान

महासाथीच्या काळात ताप आणि धाप लागलेला रुग्ण आपत्कालीन विभागात आला की सर्वांत आधी कोविडची तपासणी होत असे. ती पॉझिटिव्ह आली की नातेवाइकांना वाटे, आजाराचे कारण सापडले. अशा वेळी डॉक्टरांनी दोन्ही हातांतून पुन्हा बाटल्या भरून रक्त घेतले, तर "आता हे कशासाठी?" हा प्रश्न साहजिक आहे. कारण असे, की कोविडचा विषाणू आणि रक्तातील जिवाणू एकाच रुग्णात असू शकतात. कोविडचा अहवाल पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसऱ्याचे नाही.

रक्तातील जंतुसंसर्ग म्हणजे काय?

मूत्रमार्ग, फुफ्फुस, पोट, पित्ताशय, पायाची जखम किंवा डायलिसिसची नळी अशा ठिकाणाहून जिवाणू रक्तात शिरतात आणि शरीरभर पसरतात. या संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडून मूत्रपिंड, मेंदू, हृदय यांसारख्या अवयवांना इजा होऊ लागली, तर त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. सेप्सिसमध्ये उपचारांना झालेला उशीर जिवावर बेतू शकतो.

महासाथीत निदान अवघड का होते?

कोविड आणि सेप्सिस यांची लक्षणे एकमेकांसारखी असतात. ताप, जलद नाडी, वाढलेला श्वास, थकवा, गोंधळलेपणा ही लक्षणे दोन्हींत दिसतात. सीआरपी ही रक्ततपासणी एरवी जिवाणूसंसर्गाकडे बोट दाखवते. पण गंभीर कोविडमध्ये ती जिवाणू नसतानाही खूप वाढते. प्रोकॅल्सिटोनिन कमी असेल तर जिवाणूसंसर्गाची शक्यता कमी होते, मात्र गंभीर कोविडमध्ये किंवा मूत्रपिंड निकामी असताना तेही वाढलेले असू शकते. रुग्ण आधीच स्टिरॉइड घेत असेल तर ताप दबून राहतो.

म्हणून डॉक्टर एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. सिस्टोलिक रक्तदाब १०० किंवा त्याखाली जाणे, लघवी कमी होणे, हातपाय थंड पडणे, रक्तातील लॅक्टेट वाढणे ही चिन्हे ते एकत्र पाहतात. छातीचा एक्स-रे, लघवीची तपासणी आणि अंगावरच्या जखमा पाहून संसर्ग कुठून सुरू झाला असावा, याचा शोध घेतात.

ब्लड कल्चर कसे करतात?

रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला ब्लड कल्चर म्हणतात. प्रौढ व्यक्तीच्या शरीरावरील दोन वेगळ्या जागांहून रक्त घेतात. प्रत्येक जागेचे रक्त दोन बाटल्यांत, दर बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर भरतात. एका बाटलीत हवेत वाढणारे आणि दुसरीत हवेशिवाय वाढणारे जिवाणू वाढतात.

चार बाटल्यांचे मिळून सुमारे ४० मिलिलिटर रक्त होते. हे पाहून घाबरू नका. प्रौढ शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते, म्हणजे हे १ टक्क्याहूनही कमी आहे. एवढे रक्त लागते, कारण एका मिलिलिटरमध्ये अनेकदा एखादाच जिवंत जिवाणू असतो. रक्त कमी घेतले तर तो निसटतो. लहान मुलांमध्ये वजनानुसार बरेच कमी रक्त घेतात.

ही तपासणी जिवाणूंसाठी आहे. मलेरिया, डेंगी आणि कोविड तिच्यात सापडत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात त्यांच्या तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात. टायफॉइडचा जिवाणू मात्र ब्लड कल्चरमध्ये वाढतो.

अहवाल कधी येतो?

बाटल्या उबदार यंत्रात साधारण ५ दिवस ठेवतात. जिवाणू असतील तर बहुतेक वेळा पहिल्या १ ते २ दिवसांत यंत्र इशारा देते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पहिला अंदाज लगेच कळवला जातो. जिवाणूचे नेमके नाव आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे कळायला आणखी १ ते २ दिवस लागतात.

"पॉझिटिव्ह" म्हणजे नेहमी संसर्ग का नव्हे?

आपल्या त्वचेवर निरुपद्रवी जिवाणू असतातच. सुई टोचताना ते बाटलीत गेले तर कल्चर पॉझिटिव्ह येते, पण रुग्णाच्या रक्तात काही नसते. पीपीई किट आणि दुहेरी हातमोजे घालून शीर शोधणे कठीण असते. साफ केलेल्या त्वचेला पुन्हा हात लागला किंवा सलाईनच्या सुईतूनच रक्त घेतले, तर अशी भेसळ वाढते.

न्यूयॉर्कमध्ये मार्च २०२० मध्ये हेच दिसले. महिन्याच्या उत्तरार्धात ब्लड कल्चरची मागणी सुमारे एक तृतीयांशाने वाढली आणि प्रयोगशाळांतील यंत्रे अपुरी पडली. कोविड रुग्णांपैकी ३.८ टक्के जणांचे कल्चर पॉझिटिव्ह होते, तर कोविड नसलेल्यांमध्ये ८ टक्के. त्वचेवरचे जिवाणू वगळल्यावर हे प्रमाण अनुक्रमे १.६ आणि ५.९ टक्के उरले. म्हणजे कोविड रुग्णांमध्ये खरा रक्तसंसर्ग कमी होता आणि पॉझिटिव्ह अहवालांपैकी निम्म्याहून अधिक बहुधा भेसळीचे होते.

म्हणूनच दोन जागांहून रक्त घेतात. दोन्हींत तोच जिवाणू आला तर संसर्ग खरा असण्याची शक्यता जास्त. त्वचेवरचा जिवाणू एकाच बाटलीत आला तर ती बहुधा भेसळ असते. सरसकट सर्व कोविड रुग्णांचे कल्चर न करता संशय असेल तिथेच करण्याचे कारणही हेच आहे.

अँटिबायोटिक कधी सुरू, कधी बंद?

रक्तदाब घसरला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासाभरात देतात. रक्त त्याआधी घेतात, कारण औषधानंतर जिवाणू वाढेनासे होतात. पण रक्त घेण्यासाठी औषध फार लांबवत नाहीत. शॉक नसेल आणि निदान संदिग्ध असेल, तर झटपट तपासण्या करून ३ तासांच्या आत निर्णय घेतात.

दोन दिवसांनी कल्चरमध्ये काही वाढले नाही आणि दुसरीकडेही जिवाणूसंसर्ग दिसला नाही, तर डॉक्टर अँटिबायोटिक थांबवू शकतात. याचा अर्थ उपचार कमी झाले असा नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. गरज नसताना दिल्यास जुलाब होतात, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि पुढे औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढतात.

तुम्ही डॉक्टरांना काय सांगावे?

* गेल्या काही दिवसांत घेतलेल्या गोळ्या, विशेषतः अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड. पाकिटे सोबत आणा.
* मधुमेह, कर्करोग, डायलिसिस, कृत्रिम झडप किंवा शरीरातील कोणतीही नळी.
* लघवीची जळजळ, पोटदुखी, पायाची जखम किंवा अलीकडची शस्त्रक्रिया.
* औषधांची ॲलर्जी.

महासाथीच्या काळात विलगीकरण कक्षात नातेवाइकांना आत जाता येत नसे. रुग्णाला बोलणे जमत नसेल, तर ही माहिती फक्त तुमच्याकडेच असते. ती कागदावर लिहून द्या आणि खाली फोन नंबर लिहा. कल्चरचा अहवाल रुग्ण घरी गेल्यावरही येऊ शकतो. तो कोण कळवणार, हे डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

कोविड असो वा नसो, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, खूप झोपाळला, धाप वाढली, थंडी वाजून अंग थरथरू लागले, हातपाय थंड किंवा निळसर पडले किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर घरी वाट पाहू नका. बरा होत आलेल्या रुग्णाला पुन्हा ताप आला तरी तो "कोविडचाच असेल" असे समजू नका. आपत्कालीन विभागात जा आणि तिथे विचारा, "रक्तात संसर्ग असू शकतो का?"