फुकटची बटणं

१९७३ साली चार्ल्स बाकमन या अमेरिकन गृहस्थांना संगणकातलं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला चक्क नावाडी म्हटलं. डेटाबेसमध्ये एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे वाट काढत जातो, तो नावाडी! आम्ही बँकवाले बोटाला थुंकी लावून लेजरची पानं उलटत तेच करत आलो. पण आम्हाला साधा नारळही कुणी दिला नाही.

१९९५ मध्ये बोर्लंड कंपनीचं डेल्फी आलं. त्यात या प्रवासासाठी बटणांची तयार पट्टीच होती. पहिली नोंद, मागची, पुढची, शेवटची. शिवाय भरा, खोडा, दुरुस्त करा वगैरे धरून एकूण दहा. पण माणसाचं समाधान दहात होतं थोडंच? कित्येक प्रोग्रामरांनी स्वतःचे सुटे भाग रचले आणि इतरांना फुकट वाटले. पुष्कळांनी तर सोर्स कोडसकट, म्हणजे लाडवाबरोबर कृतीही! रशियन मंडळींची ‘आरएक्स लायब्ररी’ अशीच मोफत होती. पुढे ‘जेडी’ या स्वयंसेवी गटाने ती आपल्या संग्रहात सामावून घेतली.

इथे आमच्यासारख्या बी.कॉम.ची पंचाईत होते. देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली, तरी शिल्लक तेवढीच! वर घेणारा चुका शोधून कळवतो, ते व्याज निराळंच. कुलपात ठेवलेला कोड मालकाबरोबरच निवृत्त होतो; वाटलेल्याला वारस भेटतात.

आमच्या काउंटरवरचं पेन आम्ही दोरीने बांधून ठेवतो. शाई केव्हाच संपली. दोरी अजून मजबूत आहे.