वर्तुळ, रेघ आणि ठळक अक्षर

दुकानाची पाटी, नाटकाची जाहिरात किंवा वर्तमानपत्राचा मथळा आपण वाचतो आणि पुढे जातो. त्यातले अक्षर कसे घडले आहे हे सहसा पाहत नाही. अशा ठसठशीत अक्षरांपैकी वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर उभ्या असलेल्या अक्षरांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे. त्यासाठी चित्रकलेचे किंवा छपाईचे शिक्षण लागत नाही. थोडे थांबून पाहण्याची तयारी पुरे.

या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध टंक म्हणजे पाउल रेनर यांचा ‘फ्युचुरा’. फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीने तो १९२७ साली बाजारात आणला. रेनर यांच्या सुरुवातीच्या आराखड्यांत छोटा ‘आर’ म्हणजे नुसती एक दांडी आणि शेजारी एक टिंब होते. वाचणाऱ्याच्या सवयीला मान देऊन तो नेहमीच्या वळणाचाही केला गेला. १९६९ साली अपोलो ११च्या यानासोबत चंद्रावर राहिलेल्या फलकावरचा मजकूर याच टंकात आहे.

मात्र ही अक्षरे नुसत्या कंपासने काढलेली नसतात. आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून ती मुद्दाम किंचित बारीक ठेवतात. ठळक वजनात, म्हणजे रेघा जाड असताना, हा फरक उघड दिसतो. ठळक ‘ओ’ छापून कागद पाव फेरा फिरवून पाहा: मघाशी नितळ वाटलेले वर्तुळ आता वर-खाली जड आणि बाजूंना हलके दिसेल. भूमितीने घातलेला पाया शेवटी डोळाच दुरुस्त करतो, आणि मला या विषयाचे खरे आकर्षण तिथेच वाटते.

देवनागरीत हे काम अधिक कठीण आहे. ‘ठ’ आणि ‘ट’ वर्तुळाला सहज वश होतात. पण ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ, ‘ळ’ची दोन वेटोळी किंवा ‘क्ष’ची गाठ जाड होऊ लागली की आतली पोकळी बुजते. रेघ कुठे बारीक करायची आणि अक्षर किती रुंदावायचे, हे प्रत्येक अक्षरापाशी नव्याने ठरवावे लागते. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’ या टंकात निनाद काळे यांनी देवनागरीसाठी ते नऊ वजनांत करून दाखवले. आपल्या लिपीत झालेल्या या कामाचा अभिमान वाटावा, असेच ते आहे.

ही अक्षरे मोठ्या आकारासाठी आहेत. लहान मजकुरात सगळे गोल एकसारखे दिसू लागतात आणि डोळा थकतो. रोमन मथळ्यात अक्षरांमधले अंतर हवे तसे वाढवता येते. देवनागरीत तसे केले की शिरोरेखा तुटते. म्हणून वाचकांनी पुढची प्रकरणे चाळताना एखादा मराठी मथळा शेजारी ठेवावा आणि आधी शिरोरेखा, मग अक्षरांच्या पोटातली पोकळी पाहावी. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. जे अक्षर तुम्हाला आवडते, त्याच्या पानापासून खुशाल सुरुवात करा.