सेनापतींच्या संदेशांची मोजदाद

जोडलेल्या संगणकांपैकी काही बिघडून प्रत्येकाला निरनिराळे सांगू लागले, तरी उरलेल्यांचे एकमत कसे व्हावे, हा प्रश्न १९७०च्या दशकात अमेरिकेतील एसआरआय या संस्थेत, नासाच्या साहाय्याने चाललेल्या विमाननियंत्रक संगणकाच्या कामातून पुढे आला. स्वाक्षरीविना संदेश धाडायचे असतील, तर एक बिघाड सोसण्यास किमान चार आणि दोन सोसण्यास सात संगणक लागतात, हे मार्शल पीझ, रॉबर्ट शोस्टाक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० साली सिद्ध केले. त्याच तिघांच्या १९८२च्या निबंधाने बिघडलेल्या संगणकाला फितूर बायझंटाइन सेनापतीचे रूप दिले. लॅम्पोर्ट यांच्या मनात आधी अल्बेनियाचे सेनापती होते, पण कोणाचे मन दुखावू नये म्हणून ते नाव मागे पडले.

या निबंधातील रीत अशी, की सेनापतीचा आदेश मिळालेला प्रत्येक जण तो इतरांना कळवतो, ते पुन्हा उरलेल्यांना कळवतात, आणि शेवटी बहुमत पाहिले जाते. चार जणांत यासाठी ९ संदेश पुरतात, सात जणांत १५६ लागतात, तर तीन फितुरांना पुरून उरणाऱ्या दहा जणांत ३,६०९. विमानातील मोजक्या संगणकांना हे परवडे, मोठ्या जाळ्याला नाही.

हा खर्च कोठवर उतरवता येईल, याचे उत्तर डॅनी डोलेव्ह आणि रूडिगर रायशुक यांनी १९८२ सालीच दिले, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर युक्तिवाद तोच होय. फितुरांपैकी निम्मे संगणक पहिले काही संदेश मिळालेच नाहीत असे सोंग घेतात, अशी कल्पना करावी. त्यांच्यापैकी एखाद्याला फारच थोडे संदेश येत असतील, तर तो स्वतः प्रामाणिक आणि त्याला संदेश धाडणारे तेवढेच फितूर, अशी परिस्थिती मांडता येते. मग ते मौन पाळून त्याला अंधारात ठेवतात आणि एकमत मोडते. म्हणून अशा प्रत्येकाला पुष्कळ संदेश मिळालेच पाहिजेत, आणि एकूण संख्या फितुरांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्वाक्षरीनेही ही मर्यादा टळत नाही.

मिग्वेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांची १९९९ची पद्धत व्यवहारात उतरण्याजोगी होती, तरी तीत प्रत्येक जण प्रत्येकाला मत कळवीत असे. २०१९च्या हॉटस्टफ पद्धतीत मते एका प्रमुखाकडे जमतात आणि तो त्यांची एकच संयुक्त स्वाक्षरी करून सर्वांना धाडतो, त्यामुळे एका फेरीचा खर्च सभासदसंख्येच्याच प्रमाणात राहतो. मात्र एकामागून एक प्रमुख फितूर निघाले, तर एकूण खर्च पुन्हा वर्गापर्यंत चढतो. व्हॅलेरी किंग आणि जॅरेड साया यांनी २०१० साली यदृच्छेचा, म्हणजे नाणेफेकीसारख्या निवडीचा, आधार घेऊन वर्गाच्या खाली जाणारा मार्ग दाखवला. यदृच्छा न वापरणाऱ्या पद्धतींना १९८२ची मर्यादा आजही लागू आहे.