गटकार्याचे गुण कोणाचे? राज्यशास्त्राच्या अध्यापनातील एका प्रश्नाचा मागोवा

विद्यापीठातील राज्यशास्त्राच्या वर्गाला गटकार्य नवीन नाही. मात्र त्या गटकार्याला पदवीच्या निकालात धरले जाणारे गुण देण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची आहे. गुण आले की न्यायाचा प्रश्नही येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

प्रारंभ : अनुभव म्हणून गटकार्य

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झकाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७-५८ च्या सुमारास 'इंटर-नेशन सिम्युलेशन' हा प्रयोग विकसित केला. त्यात विद्यार्थ्यांचे गट काल्पनिक राष्ट्रांचा कारभार पाहत, साधनसंपत्तीचे वाटप करीत, करार करीत आणि प्रसंगी युद्धाचा निर्णयही घेत. आपल्याकडे १९६२ मध्ये मुंबईत भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांतील अभिरूप संसदेला प्रोत्साहन देण्याची शिफारस केली. त्यानुसार १९६६-६७ पासून दिल्लीतील शाळांमध्ये युवा संसद स्पर्धा सुरू झाल्या. अशा स्पर्धेत हरलेल्या विद्यार्थ्याची पदवी धोक्यात येत नाही. त्यामुळे गटातील कमी-अधिक श्रम खपून जातात.

गुणांचा प्रवेश

ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये शासनाने उच्च शिक्षणाची व्यवसायजगताशी सांगड घालणारी एक योजना जाहीर केली. तिच्या अंतर्गत प्रत्येक संस्थेला पाच वर्षांत दहा लाख पौंडांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते. पदवीधराजवळ विषयज्ञानाबरोबरच कार्यकौशल्येही असावीत, हा विचार या काळात बळावला. २००० मध्ये गुणवत्ता हमी संस्थेने राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांसाठी निकष प्रसिद्ध केले. त्यांत स्वतंत्रपणे काम करण्याच्या क्षमतेसोबत, समान उद्दिष्टासाठी इतरांशी सहकार्य करण्याची क्षमताही नमूद होती. जे कौशल्य अपेक्षित आहे त्याचे मूल्यमापन व्हावे, ही मागणी त्यातून स्वाभाविकपणे पुढे येते.

जुनाच पेच

पाच विद्यार्थ्यांनी मिळून अहवाल सादर केला व सर्वांना ६० गुण मिळाले, तर दोघांनी केलेल्या कामाचे फळ तिघांनाही मिळू शकते. राज्यशास्त्राच्या अध्यापकाला हा पेच ओळखीचा आहे. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात तोच मांडला होता : लाभ सर्वांना सारखाच मिळणार असेल, तर खर्च दुसऱ्याने सोसावा असे प्रत्येकाला वाटते. मानसशास्त्रातही याला आधार सापडतो. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की दरडोई जोर घटतो. १९७९ मध्ये लटाने, विल्यम्स व हार्किन्स यांना टाळ्या वाजवण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांतही हेच आढळले. १९८१ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली : प्रत्येकाचा वाटा ओळखता येतो असे माहीत असेल, तर कामचुकारपणा कमी होतो.

एक तोडगा व त्याच्या मर्यादा

एडिंबरो येथील नेपियर पॉलिटेक्निकमधील गोल्डफिंच व रेसाइड यांनी १९९० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत सदस्यांकडून एकमेकांच्या सहभागाची माहिती घेऊन प्रत्येकासाठी एक गुणक काढला जातो व गटाच्या गुणांना त्याने गुणले जाते. समजा, गटाला ६० गुण आहेत. मग १.१ गुणक असलेल्या विद्यार्थिनीला ६६ आणि ०.८ गुणक असलेल्याला ४८ गुण पडतील.

ही पद्धत निर्दोष नाही. मैत्रीखातर सारखेच गुण देणे, संगनमत करणे, किंवा गटातील एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यावर अन्याय करणे हे धोके तीत राहतातच. जात, धर्म, भाषा वा लिंग यांविषयीचे पूर्वग्रह गुणपत्रिकेत उतरू शकतात. अबोल पण कष्टाळू विद्यार्थिनीचे श्रम तर सहकाऱ्यांच्या नजरेतूनही सुटू शकतात. म्हणून सहाध्यायांचे मत हा एक पुरावा मानावा, अंतिम निर्णय मानू नये. बैठकांची नोंदवही, प्रत्येकाचे स्वतंत्र टिपण व छोटी तोंडी परीक्षा यांची जोड दिल्यास अध्यापकाला ते मत पडताळून पाहता येते.

समारोप

या इतिहासावरून असे दिसते की सर्वांना सरसकट सारखे गुण देणे ही सोय आहे, समता नव्हे. गटकार्य सोडून देणे हाही त्यावर उपाय नव्हे, कारण सहकार्य हा राज्यशास्त्राच्या अभ्यासाचाच विषय आहे. आपल्या महाविद्यालयांत अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रकल्प देताना गुणविभागणीचा नियम आरंभीच ठरवावा, तो विद्यार्थ्यांशी चर्चा करून ठरवावा व लेखी जाहीर करावा. नियम कोणी करायचे, ते कोणाला लागू होतात आणि तक्रार कोठे करायची, हे राज्यशास्त्राचे मूलभूत प्रश्न होत. विद्यार्थ्याला ते पाठ्यपुस्तकात भेटतातच. गुणविभागणीचा नियम ठरवताना ते त्याला प्रत्यक्ष सोडवावे लागतील.